लाल औषध, हृदय आणि शरीरातले लोह



गेल्या पंधरवड्यात कुटुंब-पानाच्या टपालात एक चार पानी पत्र आले. लिहिणारी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील सफाई खात्यात, आई चार घरची धुणीभांडी करीत होती. गेल्या पावसाळ्यात आईच्या छातीत गाठ सापडली, तपासणीत कर्करोग निघाला, आणि दर तीन आठवड्यांनी केमो सुरू झाली. त्यात ते लाल रंगाचे औषध आहे. दोन डोस झाले. आई फिकी पडली, म्हणून गावाकडून आत्या लोहभस्माच्या पुड्या घेऊन आली, शेजारणीने रक्तवाढीची बाटली आणून दिली, आणि घरात पालक, बीट, गूळ-शेंगदाणे यांचा मारा सुरू झाला. मुलीने मात्र कुठेतरी वाचले की हे लाल औषध आणि शरीरातले लोह यांची गाठ पडली की हृदयाचे स्नायू खराब होतात. तिने हे घरात सांगताच भांडण पेटले. आत्या म्हणते, पोरगी चार बुके शिकली आणि म्हाताऱ्यांना शिकवू लागली. आई इतकी घाबरली की आता ती पालेभाजीला हात लावत नाही आणि तिसऱ्या डोसला जायचेच नाही म्हणून बसली आहे. मुलीने शेवटी विचारले आहे, “माझे चुकले का?”

आधी उत्तर देतो, मग कारण सांगतो. तिसरा डोस चुकवू नये. पालक आणि गूळ खुशाल खावा. लोहभस्म आणि रक्तवाढीची बाटली, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना दाखवून त्यांनी ‘घ्या’ म्हणेपर्यंत बाजूला ठेवाव्यात. आणि मुलीचे चुकलेले नाही. तिने वाचलेले खरे आहे, फक्त ते अर्धे आहे, आणि अर्ध्या माहितीने आई घाबरली. उरलेले अर्धे आज सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. पण जे छापून आले आहे ते वाचून आपल्या भाषेत मांडणे हे या पानाचे काम आहेच.

या लाल औषधाचे नाव डॉक्सोरुबिसिन. जुने नाव अ‍ॅड्रियामायसिन, आणि अजूनही पुष्कळ फायलींवर तेच लिहिलेले असते. नावात ‘अ‍ॅड्रिया’ आहे तो इटलीच्या पूर्वेचा एड्रियाटिक समुद्र. त्या बाजूला कास्तेल देल मोन्ते नावाचा एक जुना किल्ला आहे. १९५० च्या दशकात त्या परिसरातील मातीत इटालियन संशोधकांना एक जिवाणू सापडला, तो तांबडा रंग तयार करीत असे. त्या रंगातूनच प्रथम डॉनोरुबिसिन आणि पुढे १९६९ च्या सुमारास डॉक्सोरुबिसिन मिळाले. मातीतल्या जिवाणूने केलेला हा रंग आज जगभर स्तनाच्या कर्करोगात, लसिका ग्रंथींच्या कर्करोगात, हाडामांसाच्या गाठींत दिला जातो. डोस झाल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते ती याच रंगामुळे. ते रक्त नव्हे. कित्येक भगिनी ते पाहून हादरतात आणि लाजेपोटी कोणाला सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिले.

हे औषध गाठीवर गुणकारी आहे याबद्दल वाद नाही. पण ते वापरात आल्यावर थोड्याच वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आले की काही रुग्णांचा कर्करोग बरा होतो आणि हृदय मात्र थकते. १९७९ साली अमेरिकेत पुष्कळ रुग्णांचे कागद तपासून एक हिशेब प्रसिद्ध झाला. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे एकूण ४०० मिलिग्रॅम औषध गेलेल्यांपैकी शंभरात ३ जणांचे, ५५० गेलेल्यांपैकी ७ जणांचे आणि ७०० गेलेल्यांपैकी १८ जणांचे हृदय निकामी झाल्याचे त्यात दिसले. २००३ साली दुसऱ्या संशोधकांनी अधिक बारकाईने पाहिले तेव्हा हेच आकडे ५, २६ आणि ४८ असे निघाले. आकडा वाढला, पण दोन्ही हिशेब एकच गोष्ट सांगतात. धोका एकेका डोसचा नाही, आयुष्यभरात पोटात, म्हणजे खरे तर रक्तात, गेलेल्या एकूण बेरजेचा आहे. ही बेरीज हृदय विसरत नाही. स्तनाच्या कर्करोगात नेहमी देतात ते चार डोस दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅमचे, म्हणजे बेरीज २४०. आमच्या पत्रलेखिकेच्या आईची बेरीज दोन डोसांनंतर साधारण १२० असेल. भीतीच्या रेषेपासून ती बरीच अलीकडे आहे. तरीही अगदी शून्य धोक्याची रेषा कोठेच नाही, म्हणून तपासणी लागतेच.

आता हृदयच का? यकृतातूनही हे औषध जाते, मग यकृत कसे टिकते?

हृदय म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावणारा स्नायू. सुट्टी नाही, रविवार नाही, हक्काची रजा नाही. गिरणीत तीन पाळ्या असत, याला एकच पाळी, जन्मापासून मरणापर्यंत. या स्नायूच्या पेशीत दोऱ्यांसारखी प्रथिने असतात, ॲक्टिन आणि मायोसिन. ती एकमेकांवर सरकतात तेव्हा ठोका पडतो. ट्रोपोनिन नावाचे प्रथिन त्या सरकण्यावर मुकादमासारखे लक्ष ठेवते. या कामाला लागणारी शक्ती पुरवायला पेशीत तंतुकणिका असतात, शाळेच्या पुस्तकात ज्यांना पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हटलेले असते. हृदयाच्या पेशीचा सुमारे एक-तृतीयांश भाग या तंतुकणिकांनीच भरलेला असतो. तंतुकणिका लोहाखेरीज चालत नाहीत. म्हणजे हृदयात लोहाची ये-जा मोठी. उलट जाळणाऱ्या रसायनांना विझवणारी जी प्रथिने यकृतात भरपूर असतात, ती हृदयात कमी. आणि हृदयाच्या पेशी जवळजवळ नव्याने जन्मत नाहीत. यकृताचा तुकडा गेला तर भरून येतो, हृदयाची पेशी गेली ती गेली.

शरीरात लोह किती असते? मोठ्या माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम, एखाद्या खिळ्याएवढे, बायकांत थोडे कमी. त्यातले दोन-तृतीयांश रक्ताच्या तांबड्या पेशींत, हिमोग्लोबिनमध्ये अडकलेले. उरलेले साठवणीच्या प्रथिनांत. जस्त दोन ग्रॅमच्या आसपास आणि तांबे तर केवळ शंभर मिलिग्रॅम. एवढ्याशा धातूंवर शरीराचा कारभार चालतो. पण शरीर यांपैकी कोणालाही मोकळे फिरू देत नाही. मोकळे लोह म्हणजे चुलीबाहेरचा निखारा. चुलीत असेल तर भाकरी भाजते, झोपडीत पडला तर वस्ती जाते. म्हणून लोह कायम कुठल्या ना कुठल्या प्रथिनाच्या मुठीत ठेवलेले असते.

डॉक्सोरुबिसिनच्या रेणूत एक जागा अशी आहे की तिथे लोह घट्ट बसते. औषधाचे तीन रेणू मिळून लोहाचा एक अणू धरतात. साठवणीच्या प्रथिनातून लोह सुटायलाही हे औषध मदत करते. ही जोडी जमली की ती प्राणवायूशी खेळ सुरू करते. इलेक्ट्रॉन घे, इलेक्ट्रॉन दे, आणि दर फेरीला एक ठिणगी. या ठिणग्यांना रसायनशास्त्रात मुक्त मूलके म्हणतात. १९८२ साली अमेरिकेतील संशोधकांनी तांबड्या पेशींची रिकामी आवरणे घेऊन त्यांवर ही जोडी सोडली. ती आवरणाला चिकटली आणि जिथे चिकटली तिथे तिने ते जाळले. ठिणगी दुरून येत नाही, अंगावर बसूनच पडते, हे त्यातून दिसले.

हृदयात ही जोडी आणि हे औषध कोणाकोणाला चिकटते, याची यादी पुढे वाढत गेली. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो, तो प्रथिन नव्हे, पण शक्ती तयार करणारी प्रथिने त्याच्याच आधाराने उभी असतात. डॉक्सोरुबिसिन त्याला फार घट्ट धरते. औषधाचे शरीरात एक दुसरे रूप तयार होते, ते ॲकोनिटेज नावाच्या प्रथिनाच्या पोटातली लोह-गंधकाची गाठ मोडते. हे प्रथिन साधेसुधे नाही. पेशीत लोह किती घ्यायचे आणि किती साठवायचे याचा हिशेब तेच ठेवते. म्हणजे चोर दुकानात शिरला आणि पहिल्यांदा हिशेबाची वहीच फाडली असा प्रकार! याखेरीज कॅल्शियमचा साठा सांभाळणाऱ्या कॅल्सिक्वेस्ट्रिन या प्रथिनालाही औषध चिकटते. कॅल्शियम हा काही सूक्ष्म प्रमाणातला धातू नव्हे, पण ठोक्याचा इशारा त्याच्यावर चालतो, म्हणून उल्लेख केला.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सोपे आहे, लोह काढून घ्या, हृदय वाचेल. शास्त्रज्ञांनाही तसेच वाटले, आणि इथून पुढची हकीकत आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

लंडनच्या इंपीरियल कॅन्सर रिसर्च फंडात कुर्त हेलमन आणि अँड्र्यू क्रेटन हे संशोधक धातू पकडणारे औषध शोधत होते. ईडीटीए नावाचे रसायन धातू छान पकडते, पण पेशीच्या आत जात नाही. त्यांनी त्याची मूठ बंद करून, म्हणजे रेणू वळवून, नवे रसायन बनवले. ते बंद मुठीने पेशीत शिरते आणि आत गेल्यावर मूठ उघडून धातू धरते. कल्पना होती याने कर्करोगाच्या पेशी माराव्यात. त्यात फारसे यश आले नाही. पण अमेरिकेत जनावरांवर प्रयोग करताना युजीन हर्मन यांना दिसले की आधी हे रसायन दिले आणि मग लाल औषध दिले, तर हृदय वाचते. १९८८ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ९२ स्त्रियांवरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि माणसांतही तेच दिसले. १९९५ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. नाव डेक्सराझोक्सेन. सर्वांनी मान डोलावली. लोह हाच गुन्हेगार, लोह पकडले की हृदय सुटले.

परंतु काही लोक मान डोलावून थांबले नाहीत. त्यांनी विचारले, मग लोह पकडणारी दुसरी औषधे हृदय का वाचवत नाहीत? थॅलेसेमियाच्या मुलांना लोह काढण्यासाठी देतात ती औषधे प्रयोगात देऊन पाहिली, बचाव तेवढा दिसेना. ठिणग्या विझवायला व्हिटॅमिन ई देऊन पाहिले, माणसांत उपयोग झाला नाही. काहीतरी निसटत होते. २०१२ साली ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातील संशोधकांनी वेगळाच धागा काढला. पेशीतल्या डीएनएच्या दोरीला पीळ पडतो, तो सोडवणारे टोपोआयसोमरेज-२ नावाचे प्रथिन असते. त्याच्या दोन जाती, अल्फा आणि बीटा. वाढणाऱ्या पेशींत, म्हणजे गाठीत, अल्फा भरपूर. हृदयाच्या न वाढणाऱ्या पेशींत मात्र बीटा. लाल औषध अल्फाला पकडून गाठ मारते, आणि त्याच हाताने हृदयातल्या बीटालाही पकडते. ज्या उंदरांच्या हृदयातून हे बीटा प्रथिन काढून टाकले, त्यांचे हृदय औषधापासून बचावले. आणि डेक्सराझोक्सेन? ते बीटा प्रथिनालाही अडवते आणि कमी करते. म्हणजे गेली कित्येक वर्षे हे औषध उपयोगी पडत होते, पण ज्या कारणाने पडते असे सांगितले जात होते, ते कारण पुरे नव्हते.

म्हणून लोह निर्दोष सुटले का? तसेही नाही. २०१४ साली शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की या औषधाने हृदय बिघडलेल्या माणसांच्या तंतुकणिकांत लोह साठलेले असते. सगळ्या पेशीतले लोह मोजले तर फरक कळत नाही, तंतुकणिकेच्या आत पाहिले तर कळतो. लोह काढणारे जुने औषध तिथवर पोहोचत नाही, डेक्सराझोक्सेन पोहोचते. त्याआधी २००७ साली आधी मुद्दाम लोहाचा भरपूर साठा करून मग लाल औषध दिलेल्या उंदरांच्या हृदयाची हानी जास्त झाल्याचे दिसले होतेच. तेव्हा आज जाणकार दोन्ही कारणे धरून चालतात, बीटा प्रथिन आणि तंतुकणिकेतले लोह. कुणाचा वाटा किती, यावर त्यांचे भांडण चालू आहे आणि ते भांडण निरोगी आहे. कालामांच्या गावी तथागतांनी काय समजावले होते ते आपण विहारात ऐकतो. इथे तर थोरामोठ्यांनी सांगितलेले, छापून आलेले आणि वर गुणही आलेले, तरी पुन्हा तपासले गेले. डेक्सराझोक्सेनचेही तसेच. मुलांमध्ये त्याने दुसरा कर्करोग उद्भवतो की काय अशी शंका आली, म्हणून २०११ साली युरोपात मुलांसाठी ते बंद केले, आणि पुढचे पुरावे पाहून २०१७ साली जास्त मात्रा लागणाऱ्या मुलांपुरते पुन्हा खुले केले. ते सगळ्यांना देत नाहीत. बेरीज ३०० च्या पुढे जाणार असेल तेव्हा डॉक्टर त्याचा विचार करतात.

तांबे आणि जस्त यांचे दोन शब्दांत आटोपतो. तांब्याशीही डॉक्सोरुबिसिन जोडी करते, हे परीक्षानळीत दिसले आहे, पण हृदयाच्या बाबतीत लोहाइतका पुरावा त्याच्याविरुद्ध नाही. तांब्याच्या कळशीतले पाणी पिणाऱ्याने घाबरू नये. ताम्रभस्म ही मात्र वेगळी गोष्ट आहे, ते लोहभस्माच्याच पंक्तीत बसवावे. जस्ताचे उलट आहे. मेटॅलोथायोनिन नावाचे जस्त आणि तांबे धरणारे प्रथिन ज्या उंदरांच्या हृदयात जास्त बनवले गेले, त्यांचे हृदय या औषधापुढे जास्त टिकले, असे १९९७ साली दिसले. यावरून कोणी जस्ताच्या गोळ्या विकायला आला तर त्याला दारातूनच नमस्कार करावा. उंदराच्या जनुकात केलेला बदल आणि दुकानातली गोळी यांत फार अंतर आहे.

आता पुन्हा त्या घरात जाऊ.

पालक आणि गूळ का चालतो आणि भस्म का थांबवावे? आतड्याच्या दारावर शरीराने पहारेकरी बसवला आहे, हेप्सिडिन त्याचे नाव. अंगात लोह पुरेसे असले की तो दार ओढून घेतो. भाजीतले लोह तसेही थोडे आणि त्यातले थोडेच आत जाते. ताटातल्या पालकाने हृदयाच्या तंतुकणिकेत लोह साठेल ही भीती निराधार आहे. उलट केमोत अन्न तोडले तर रुग्ण खंगतो, आणि मग डोस पुढे ढकलावा लागतो. डाळ, अंडी, मासळी, मटण, जे परवडेल आणि पचेल ते खाऊ द्यावे. भस्मात काय आणि किती आहे हे मात्र पुडीवर लिहिलेले नसते. आत्याने ते प्रेमाने आणले, यात शंका नाही. तिला कोणी दोष देऊ नये. पण प्रेमाने दिलेल्या गोष्टीचेही वजन करता आले पाहिजे, आणि याचे करता येत नाही.

रक्तवाढीच्या बाटलीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आपल्या बायकांच्या अंगात रक्त कमी ही रोजची कहाणी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. लोहाची कमतरता असेल तर लोह दिलेच पाहिजे, कारण कमतरतेनेही हृदयावर ताण येतो. पण कर्करोगात हिमोग्लोबिन उतरते ते नेहमी लोह संपल्यामुळे नसते. आजारामुळे तोच पहारेकरी जास्त कडक होतो, लोह कोठारात असते पण बाहेर येत नाही. केमोमुळे हाडांतला रक्ताचा कारखाना काही दिवस मंदावतो. अशा वेळी बाटली पिऊन हिमोग्लोबिन वाढत नाही. लोह कमी आहे की अडकले आहे, हे फेरिटिन आणि त्यासोबतच्या एका रक्ततपासणीने समजते. ती तपासणी मागा. डॉक्टरांनी शिरेतून लोह द्यायचे ठरवले तरी युरोपातील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली दिलेला सल्ला असा आहे की हृदयाला त्रास देणाऱ्या केमोच्या दिवशीच ते देऊ नये, आधी किंवा नंतर द्यावे. शिरेतून जाणारे लोह पहारेकऱ्याच्या दारातून जात नाही, हे त्यामागचे तारतम्य.

रक्त चढवण्यालाही हेच लागू. एका पिशवीत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह असते आणि शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त बाहेर टाकू शकत नाही. एक-दोन पिशव्यांनी काही बिघडत नाही, गरज असेल तर रक्त घ्यावेच. पण विदर्भातील आमच्या वाचकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण तिकडे मोठे आहे. ज्यांना लहानपणापासून वारंवार रक्त चढवले गेले, त्यांच्या अंगात लोह आधीच साठलेले असू शकते. अशा घरात कोणाला या लाल औषधाची वेळ आली, तर पहिल्याच भेटीत ‘आमच्याकडे सिकलसेल आहे, इतक्यांदा रक्त घेतले आहे’ हे न विचारताच सांगावे. लग्नकार्याच्या भीतीने सिकलसेल लपवण्याची आपल्याकडे खोड आहे. नातेवाईकांपासून लपवा वाटल्यास, डॉक्टरांपासून नको.

आता बेरजेचा हिशेब. केस पेपरवर प्रत्येक डोसला किती मिलिग्रॅम औषध दिले ते लिहिलेले असते. समजा ९० लिहिले आहे आणि रुग्णाचा शरीरपृष्ठभाग १.५ चौरस मीटर आहे. नव्वदला दीडने भागले की ६० येतात. असे चार डोस झाले की २४०. सातवी-आठवीतल्या मुलाला जमेल असे गणित आहे, आणि घरातल्या शिकणाऱ्या मुलांनी ते वहीच्या शेवटच्या पानावर मांडून ठेवावे. पृष्ठभागाचा आकडा कागदावर नसेल तर नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना विचारावा, त्यात गैर काही नाही. एपिरुबिसिन हे याच कुळातले दुसरे लाल औषध आहे, त्याची मर्यादा निराळी आहे. तेव्हा नाव नीट पाहून लिहावे. हा हिशेब कशासाठी? कारण कर्करोग दहा वर्षांनीही परत येऊ शकतो, तेव्हा शहर दुसरे असते, दवाखाना दुसरा असतो, आणि समोरचे डॉक्टर विचारतात, “पूर्वी किती गेले?” परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फूटपाथवर आणि दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राज्यभरातून आलेली कुटुंबे दिसतात. त्यांच्या उशाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल असते. ती पिशवी दागिन्यांसारखी जपणारी माणसे शहाणी. पावसात भिजून, भाड्याची खोली बदलताना किंवा रद्दीत गेलेली फाईल पुन्हा मिळत नाही.

औषध सुरू होण्याआधी, मध्ये आणि संपल्यावर टू-डी एको काढतात. हृदय एका ठोक्यात आतले रक्त किती टक्के बाहेर फेकते ते त्यात मोजतात. नेहमीच्या माणसात ते पंचावन्नच्या आसपास किंवा वर असते. ते दहाने उतरून पन्नासच्या खाली आले तर डॉक्टर सावध होतात. ट्रोपोनिनचा उल्लेख वर केला, तो मुकादम. पेशी फुटल्या की तो रक्तात वाहून येतो, म्हणून काही ठिकाणी त्याचीही तपासणी करतात. इटलीत मिलान येथील डॉक्टरांनी २६२५ रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून २०१५ साली लिहिले की त्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांच्या हृदयावर परिणाम झाला, आणि त्यातले ९८ टक्के पहिल्या वर्षातच सापडले. लगेच हृदयाची औषधे सुरू केली तेव्हा त्यांपैकी ८२ टक्के पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी सुधारले. ती औषधे एनालाप्रिल, कार्वेडिलॉल अशी जुनी, रक्तदाबासाठी वापरली जाणारीच आहेत, महागडी नव्हेत. वेळेवर सापडणे तेवढे महत्त्वाचे. म्हणून केमो संपली, केस परत आले, बाई कामाला लागली, आता कशाला एको, असे म्हणू नये. आणि लहानपणी हे औषध घेतलेल्या मुलांनी तर मोठेपणीही, विशेषतः मुलींनी बाळंतपणाच्या आधी, हृदय तपासून घ्यावे.

मध्ये काही जाणवले तर तारखेची वाट पाहू नये. चाळीचा एक जिना चढताना पूर्वी लागत नव्हता तेवढा दम लागणे, रात्री एका उशीऐवजी दोन-तीन उशा लागणे, घोट्यांवर सूज येऊन पैंजणाचा वळ उठणे, पडल्यापडल्या छाती धडधडणे. केमोत थकवा येतोच, आणि बायका हे सगळे त्याच खात्यात टाकतात. घरच्यांनी टाकू नये.

आमच्या पत्रलेखिकेला आम्ही वेगळे पत्र लिहिले आहेच. त्यात एवढे कळवले की, आत्याशी भांडू नकोस, तिलाच सोबत ने. आईच्या तिसऱ्या डोसच्या दिवशी तिघींनी जावे, आणि आत्यानेच आपल्या हाताने पुडी आणि बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून विचारावे, “हे देऊ का?” पुडीचा कागद फेकू नये, बाटलीचे लेबल फाडू नये, आणि फेरिटिनचा रिपोर्ट हातात असेल तर तोही त्याच पिशवीत घ्यावा.